सेक्रेटरीने पैसे खाल्ले असं ग्रुपवर लिहिलं, आता नोटीस आलीय

वाचकाचं पत्र

वकीलताई, मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. डोंबिवलीत राहतो. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम झालं. वार्षिक सभेत ११ लाख ५० हजारांना मंजुरी दिली होती, ताळेबंदात खर्च १९ लाख ४० हजार दिसतो. कोटेशनं आणि बिलं दाखवा म्हणून कमिटीला लेखी अर्ज दिले. उत्तर नाही. शेवटी संतापून आमच्या भागाच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं, "आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गच्चीच्या कामात आठ लाख खाल्ले. बायकोच्या नावावर नवी गाडी कुठून आली, कोणी विचारेल का?" सोसायटीचं नाव दिलं, त्याचं नाव दिलं नाही. खाली बऱ्याच कमेंट आल्या, एकाने 'चोर' असंही लिहिलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. १५ दिवसांत बिनशर्त जाहीर माफी मागा आणि २५ लाख भरपाई द्या, नाहीतर फौजदारी आणि दिवाणी, दोन्ही कारवाया करू. मुलगी म्हणते, सगळं डिलीट करा. मित्र म्हणतात, नोटिशीला उत्तरच देऊ नका. मी खरं तेच लिहिलं. पोलीस मला धरून नेतील का?

– एक वाचक, डोंबिवली

सप्रेम नमस्कार,

पोलीस तुम्हाला धरून नेणार नाहीत. ही भीती आधी मनातून काढा, म्हणजे बाकीचं नीट वाचता येईल. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. सेक्रेटरी पोलीस ठाण्यात गेले तर पोलीस एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतील आणि त्यांना कोर्टात जायला सांगतील. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना याचा तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. ठाण्यातून "जरा येऊन जा, बसून मिटवू" असा फोन आला तर एकटे जाऊ नका, ओळखीच्या वकिलाला बरोबर न्या आणि तिथे बसून कुठल्याही माफीनाम्यावर सही करू नका. २५ लाखांचंही तसंच. नोटिशीत लिहिलेला आकडा म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. नोटिशीत कितीही रक्कम लिहायला खर्च येत नाही, पण दिवाणी दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी आधी भरावी लागते. त्यामुळे नोटिशीतला आकडा आणि दाव्यातला आकडा यांत बरेचदा मोठं अंतर पडतं.

आता तुमच्या पत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे येते. "मी खरं तेच लिहिलं." मला तुमची कळकळ दिसते, पण या वाक्यावर विसंबून तुम्ही कोर्टाची पायरी चढू नका.

तुमच्याकडे काय आहे ते पाहा. सभेच्या इतिवृत्तात ११ लाख ५० हजार, ताळेबंदात १९ लाख ४० हजार, आणि उत्तर न मिळालेले अर्ज. हे तिन्ही कागदावर आहे. पण तुम्ही लिहिलंत ते "आठ लाख खाल्ले." मधल्या पायऱ्या कुठे आहेत? काम वाढलं असेल, कमिटीने नंतर ठराव करून जास्तीचा खर्च मंजूर केला असेल, कदाचित जीएसटी मूळ आकड्यात धरला नसेल, किंवा ठेकेदाराने लुबाडलं असेल आणि कमिटी गाफील राहिली असेल. खरोखर पैसे खाल्लेही असतील. यातलं काय झालं ते तुम्हाला आज माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच तर तुम्ही बिलं मागत होतात. बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस व्हाउचर पाहिल्याशिवाय खात्यावर एक नोंद करत नाही. माणसाच्या इभ्रतीची नोंद करतानाही व्हाउचर लागतंच.

कायदा काय म्हणतो ते सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात सामुदायिक सेवेची शिक्षाही आली. मजकूर जवळपास जुनाच आहे. एखाद्याबद्दल असा आरोप करणं किंवा पसरवणं, ज्याने लोकांच्या नजरेत त्याची किंमत कमी होईल, आणि तसं होईल हे लिहिणाऱ्याला माहीत असणं किंवा माहीत असायला कारण असणं. मग त्याला दहा अपवाद आहेत. पहिलाच अपवाद सत्याचा आहे, पण फौजदारी कायद्यात नुसतं सत्य पुरत नाही. आरोप खरा असला पाहिजे आणि तो प्रसिद्ध करणं लोकहिताचं असलं पाहिजे, दोन्ही. सोसायटीच्या पैशाचा हिशेब हा सभासदांच्या हिताचा विषय आहे हे तुम्ही सहज पटवू शकाल. अडचण पहिल्या अर्ध्यात आहे. दिवाणी दाव्यात सत्य एकटं पुरतं, पण तिथेही ते सिद्ध करायचं ओझं लिहिणाऱ्यावर असतं. "मी चोर नाही" हे त्यांनी सिद्ध करायचं नसतं, "तो चोर आहे" हे तुम्ही सिद्ध करायचं असतं. हे उमगलं की बहुतेक लोकांचा धीर सुटतो, म्हणून आधीच सांगितलं.

नाव लिहिलं नाही याचा आधार घेऊ नका. सोसायटीचं नाव दिलंत आणि सेक्रेटरी म्हणालात. तुमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला कळलं कोण ते. वाचणाऱ्यांपैकी काहींना माणूस ओळखता आला की पुरे. प्रश्नचिन्हही वाचवत नाही. आरोप उपरोधाने केला किंवा "हे तरी असेल नाहीतर ते" अशा पर्यायी रूपात केला तरी तो आरोपच, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. "असं म्हणतात", "ऐकलंय", "फॉरवर्ड ॲज रिसीव्ह्ड" या शब्दांनाही कोर्टात वजन नाही.

आणि बायकोच्या गाडीचं वाक्य. तुमच्या संपूर्ण पोस्टमधलं हे सर्वांत वाईट वाक्य आहे, कायद्याने आणि तसंही. त्या बाईंचा गच्चीच्या कामाशी काय संबंध? त्या नोकरी करत असतील, कर्ज काढलं असेल, माहेरून मिळाली असेल. तुम्ही एका वाक्यात त्यांना चोरीच्या मालाची धनीण केलंत. त्या स्वतंत्रपणे फिर्याद करू शकतात, कारण अब्रुनुकसानीत ज्याची अब्रू गेली ती व्यक्ती फिर्यादी असते. बाकी कशावर तुम्ही ठाम राहा किंवा राहू नका, हे वाक्य कसलीही अट न घालता मागे घ्या आणि त्यांची क्षमा मागा. नोटीस आली नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

"माझा हेतू वाईट नव्हता" हे तुम्ही पत्राच्या सुरात म्हणताय, म्हणून एक प्रकरण सांगते. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत पुण्यात राहत. २००८ मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच एका न्यायमूर्तींच्या नावाबरोबर त्यांचं छायाचित्र दाखवलं. नावातल्या साम्यामुळे झालेला घोटाळा, तोही काही सेकंदांचा. सावंतांनी पुण्यात दिवाणी दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई दिली. अपील ऐकण्याआधी स्थगिती हवी तर २० कोटी जमा करा आणि ८० कोटींची बँक हमी द्या, असं उच्च न्यायालयाने सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. एवढी मोठी रक्कम एका वाहिनीवर बसली, तुमच्यावर तशी बसणार नाही. पण दिवाणी अब्रुनुकसानीत हेतू चांगला होता की वाईट, हा प्रश्न फार पुढे येतो. आधी विचारतात की लिहिलं का आणि ते खरं होतं का.

तुमच्या पोस्टखाली 'चोर' लिहिणाऱ्याची जबाबदारी त्याची. तुमचा मजकूर उचलून दुसऱ्या ग्रुपवर टाकणाऱ्याचीही तशीच वेगळी जबाबदारी. अरविंद केजरीवाल यांनी २०१८ मध्ये एक व्हिडिओ नुसता रिट्वीट केला होता. बदनामीकारक मजकूर रिट्वीट करणं हीसुद्धा अब्रुनुकसानी ठरू शकते असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वकिलांनी रिट्वीट ही चूक होती असं सांगितलं. तुमच्या शेजाऱ्यांनाही हे सांगा, कारण पत्रावरून दिसतं की तुमच्यापेक्षा त्यांचीच भाषा पुढे गेली आहे. ग्रुप चालवणाऱ्या ॲडमिनच्या अंगावर मात्र हे आपोआप येत नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात म्हटलं आहे की, सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत दिसत नसेल तर, ॲडमिनला दोषी धरता येत नाही.

आता करायचं काय.

मुलीचं अर्धं बरोबर आहे. पोस्ट काढा, पण आधी ती जपून ठेवा. पूर्ण पोस्ट, सगळ्या कमेंट, तारीख, वेळ, पानाचा पत्ता, असे स्क्रीनशॉट घ्या. ज्या फोनवरून लिहिलं तो फोन विकू नका, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देताना मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. तुमच्या पोस्टचे स्क्रीनशॉट त्यांच्याकडे असणारच. तुमच्याकडे नसले तर त्यांनी अर्धवट तुकडा दाखवला तरी तुम्हाला पूर्ण मजकूर दाखवता येणार नाही. कमिटीला दिलेल्या अर्जांच्या पोच, व्हॉट्सॲपवरचे निरोप, यातलं काहीही पुसू नका. पोस्ट काढली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. उलट नुकसान वाढू दिलं नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूने मांडता येते.

मित्रांचं मात्र अजिबात ऐकू नका. उत्तर न देणं हा गुन्हा नाही, पण पुढे कोर्टात तुमची गप्प बसलेली फाइल वाचली जाते. १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर जाऊ द्या, आणि त्याचे दोन भाग ठेवा. ज्याला कागद नाही ते मागे घ्यायचं; ज्याला कागद आहे त्यावर उभं राहायचं. मी साधारण असं लिहीन: "सेक्रेटरी यांनी रक्कम खाल्ली हे विधान, तसंच त्यांच्या पत्नीबद्दलचं विधान माझे अशील मागे घेत आहेत आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतात. सभेने मंजूर केलेली रक्कम आणि ताळेबंदातला खर्च यांत ७ लाख ९० हजारांचा फरक आहे, त्याची बिलं आणि कोटेशनं सभासद म्हणून त्यांनी लेखी मागितली आहेत आणि ती अद्याप मिळालेली नाहीत, हे त्यांचं म्हणणं कायम आहे." पाहा, तुमचा फरक आठ लाखही नव्हता, ७ लाख ९० हजार होता. संतापात दहा हजार वाढले. वकील उलटतपासणीत याच दहा हजारांपासून सुरुवात करतो. उत्तराच्या वर "आमच्या हक्कांना बाधा न येता" हे शब्द घालायला तुमचे वकील विसरणार नाहीत, तरी तुम्ही पाहून घ्या. आणि ज्या ग्रुपवर पोस्ट टाकली त्याच ग्रुपवर विधान मागे घेतल्याचा दोन ओळींचा खुलासा टाका. त्याखाली वाद आला तर एका शब्दानेही उत्तर देऊ नका.

माफीच्या मसुद्याबद्दल सावध राहा. नोटिशीबरोबर त्यांनी मसुदा पाठवला असेल आणि त्यात "सोसायटीच्या कामकाजाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही" अशासारखं वाक्य असेल, तर त्यावर सही करू नका. बदनामीची माफी मागताना हिशेब मागायचा हक्क सोडून द्यायचा नसतो.

कारण तो हक्क तुमचा आहे आणि त्याची जागा वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सभासदाला संस्थेची कागदपत्रं पाहायचा आणि प्रती मागायचा अधिकार आहे. कमिटी देत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा. कलम ८३ खाली संस्थेच्या कारभाराची चौकशी करायची तरतूद आहे. लेखापरीक्षकाला लेखी कळवा की या खर्चाचा ठराव मला सापडत नाही. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्यायला लावा आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात येईल हे पाहा. आता यातली मोलाची गोष्ट. कलम ३५६ च्या अपवादांमध्ये असं म्हटलं आहे की, ज्याला त्या विषयात अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्हेतूने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी नाही. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्हेतूने केलेलं विधानही नाही. म्हणजे उपनिबंधकांना तुम्ही "या व्यवहारात अपहाराचा संशय आहे, चौकशी व्हावी" असं लिहिलंत तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहतो. तोच संशय तुम्ही हजारो अनोळखी लोकांसमोर निष्कर्ष म्हणून टाकलात की तोच कायदा समोर उभा राहतो. तुमच्या गच्चीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला ते सांगून कुणाचं हित राखलं गेलं, हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. फक्त सभासद असलेल्या सोसायटीच्या ग्रुपवर आकडे आणि मागणी लिहिली असती तर तुमची बाजू आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम असती.

पुढच्या वेळी दुसऱ्या नावाने खातं काढून लिहावं असा विचार कुणी डोक्यात घालेल. करू नका. अज्ञात व्यक्तीविरुद्ध दावा लावता येतो, कोर्ट कंपनीकडून खात्याची माहिती मागवू शकतं, आणि तोंड लपवून लिहिणाऱ्याने सद्हेतू सांगितला तर तो कोणाला पटणार?

ते खरोखरच कोर्टात गेले तर किती काळ टांगती तलवार राहील? दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, फौजदारी फिर्यादीला तीन वर्षांची. फिर्याद झाली तरी आता एक चांगला बदल आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. तुमचं सरळ, वेळेत गेलेलं उत्तर तिथे फार उपयोगी पडेल. हा गुन्हा आपसात मिटवताही येतो, आणि शेजाऱ्यांमधली बहुतेक प्रकरणं मी तशीच मिटलेली पाहिली आहेत.

मिटवा म्हणते, कारण न्यायालयातला काळ हीच मोठी शिक्षा असते. मेधा पाटकरांविरुद्धची फिर्याद २००० सालच्या एका प्रसिद्धिपत्रकावरून २००१ मध्ये झाली. दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं २०२४ मध्ये, आणि अपिलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२५ उजाडलं. एका पत्रकासाठी पाव शतक. अब्रुनुकसानीसाठी माणसाला तुरुंगात टाकायची तरतूद कायद्यात असू नये, भरपाई पुरेशी आहे, असं माझं ठाम मत आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेत ही तरतूद घटनेला धरून आहे असा निकाल दिला, आणि तो निकाल आज लागू आहे. लोकांना वाटतं २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं तेव्हा ऑनलाइन लिहिण्यावरची सगळी बंधनं गेली. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या लिखाणासाठी २०१२ मध्ये अटक झाली होती, त्यातून ती लढाई उभी राहिली आणि ते कलम गेलं, हे फार चांगलं झालं. पण त्याच निकालात न्यायालयाने अब्रुनुकसानीचा कायदा वेगळा ठेवला. तो होता तिथेच आहे.

दुसरीकडे हेही खरं की नोटिशी पाठवून लोकांना गप्प बसवलं जातं. पैसेवाल्या पक्षाने दावा लावून प्रश्न विचारणाऱ्याला दमवायचं, या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी ही माध्यम कंपनी यांच्या प्रकरणात घेतली, आणि सुनावणी पूर्ण होण्याआधी लिखाणावर सरसकट बंदी घालू नका असं खालच्या न्यायालयांना सांगितलं. तेव्हा तुमच्या नोटिशीत "यापुढे सोसायटीच्या व्यवहारांबद्दल काहीही लिहू नये" अशी मागणी असेल तर ती मान्य करायची गरज नाही.

वकिलाकडे जाताना ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, अर्जांच्या पोच, पोस्टचे छापील स्क्रीनशॉट आणि नोटिशीचा लिफाफा घेऊन जा. लिफाफ्यावरच्या शिक्क्याची तारीख १५ दिवस मोजायला लागते. खासगी वकील परवडत नसेल तर कल्याणच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करा. उपनिबंधकांकडचा अर्ज मात्र नोटिशीच्या उत्तरासाठी थांबवू नका. दोन्ही एकाच आठवड्यात जाऊ द्या, आणि अर्जात फक्त आकडे, तारखा आणि तुमची मागणी एवढंच लिहा.